सातपूरचा मोठ्यांचा रात्रीचा दहावी वर्ग: शिकवणं एक नंबर, टायमिंगचं मात्र काहीतरी करा

मोठ्या माणसांसाठी दहावीचा रात्रीचा वर्ग कुठे आहे का, असं नाशिकच्या सिडको, सातपूर, अंबडच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं आणि खाली सगळी उत्तरं येतात ती शाळेतल्या पोरांच्या ट्युशनची, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. मी ज्या वर्गाला जाते तो सातपूरला अशोकनगरच्या बाजूला भरतो, एका शाळेच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांमध्ये. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि चालवणारी माणसं पदरमोड करून चालवतात. त्या भागात मोठ्यांची शाळा कुठे म्हणून विचारलंत तरी कुणी ना कुणी दाखवेल.

मी अंबडला एका कंपनीत पॅकिंगला आहे, कॉन्ट्रॅक्टवर. आठवी झाली आणि शाळा सुटली, दिंडोरीकडचं माहेर, पुढचं सांगायला नको. आता कंपनीत कुठलीही बरी जागा निघाली की पहिला प्रश्न दहावीचा असतो. वर्गात आम्ही सगळे असेच. सिक्युरिटीला असणारे एक काका आहेत, दोघी तिघी घरकाम करणाऱ्या मावश्या, एक रिक्षावाला दादा, श्रमिकनगरचे एक गवंडी, आणि बाकी बरेचसे कंपन्यांमधले हेल्पर. फी महिन्याला दोनशे, तीही कुणाला जमली नाही तर मागे लागत नाहीत. वेळ संध्याकाळी सात ते नऊ, सोमवार ते शुक्रवार, आणि शनिवारी एकच तास पण तो वेगळा, त्याच्याबद्दल खाली लिहितेच, कारण खरं तर त्या तासामुळेच हे लिहायला बसले.

आधी शिकवण्याबद्दल. शिकवणारे तिघं आहेत, दोन रिटायर्ड शिक्षक आणि एक मॅडम ज्या दिवसा दुसरीकडे नोकरी करतात. मोठ्या माणसाला कसं शिकवायचं हे या लोकांना कळतं. आम्हाला अहो जाहो करतात, ताई, दादा, काका म्हणतात, पाढा चुकला तर वर्गासमोर उभं करत नाहीत. आणि जे आम्हाला आधीपासून येतं ते धरून शिकवतात. भूमितीत पायथागोरसचा प्रमेय आला तेव्हा सरांनी फळ्यावर काढायच्या आधी गवंडी दादांना विचारलं की खोलीचा कोपरा काटकोनात आहे का नाही ते तुम्ही साईटवर कसं बघता. ते उठले, म्हणाले गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं आमचं साधन, लहान पडतो सर, मोठ्या खोलीला दोरी लावतो, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करायची आणि दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं पाहिजे, नाही आलं तर भिंत सरकवायची. सरांनी त्यांना तिथेच वर्गाच्या फरशीवर खडूने करून दाखवायला लावलं, टेप लावून मोजलं, पाच फूट. मग फळ्यावर ९ अधिक १६ बरोबर २५. मला तो प्रमेय आता झोपेतून उठवून विचारला तरी येईल, आणि त्या दादांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता, वीस वर्षं जे हाताने केलं ते पुस्तकात आहे म्हणून. इंग्रजीचं शिकवणं त्या मानाने नेहमीचं आहे, बरं आहे, फार काही सांगण्यासारखं नाही.

आता शनिवारचा तास. हा परीक्षेला नाही. दोन सरांमधले जे मोठे आहेत, ते आयुष्यभर इतिहास शिकवून रिटायर झालेत, ते शनिवारी आम्हाला फक्त एकच गोष्ट सांगतात, आमच्यासारख्या कामकरी माणसांनी याआधी कधी, कुठे, कसं शिकून घेतलं. सुरुवातीला मला वाटलं एवढा वेळ गणिताला दिला असता तर बरं. आता तो तास मी चुकवत नाही. सरांची पद्धत अशी की ते फळ्यावर एक साल लिहितात, त्या माणसांचं काम काय होतं ते सांगतात आणि मग आम्हाला विचारतात, सांगा, या माणसाने शिकायला वेळ कुठून काढला असेल?

पहिलं साल होतं १८५५. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरात शेतकरी मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मुलींची शाळा १८४८ ची, ती सगळ्यांना माहीत असते, तिच्यावर भाषणं होतात. ही रात्रीची शाळा माझ्या आठवीपर्यंतच्या कुठल्या पुस्तकात होती म्हणाल तर मला तरी आठवत नाही. दिवसभर शेतात, बांधकामावर राबणारी माणसं दिवसा येऊच शकत नाहीत हे त्या दोघांनी ओळखलं आणि शाळाच रात्री नेली, एवढी साधी गोष्ट, पण तोपर्यंत किती जणांना सुचली होती? पुढे १८८२ ला शिक्षणाची चौकशी करायला सरकारचं हंटर कमिशन आलं तेव्हा फुल्यांनी सरळ लिहून दिलं की सरकारचा महसूल येतो तो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो तो वरच्या वर्गासाठी. सर बोलता बोलता म्हणाले की आपल्या नाशिकला सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, म्हणजे त्या रात्रशाळेच्याही पंधरा वर्षं आधी, पण वाचनालयात जायला आधी वाचता यावं लागतं, आणि ते शिकायला संध्याकाळ मोकळी लागते.

मग लोखंडे. नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, मुंबईच्या गिरणीत नोकरी केलेले, दीनबंधू हे वर्तमानपत्र चालवणारे. १८८४ ला त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि मागण्या काय होत्या बघा, रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी असते त्यामुळे रविवारबद्दल मला फार काही वाटायचं नाही, पण आठवड्यात एक दिवस आपला ही गोष्टच मुळात कुणीतरी मागून घेतलीये, आपोआप आलेली नाही, हे मला वयाच्या या टप्प्यावर कळलं याचं वाईट वाटतं आणि कळलं याचं बरंही वाटतं.

त्या दिवशी सरांनी आम्हाला चक्क हिशेब करायला लावला. विजेचे दिवे आले तेव्हा गिरण्या अंधार पडल्यावरही चालायला लागल्या, म्हणजे ज्या दिव्याखाली माणूस रात्री शिकू शकला असता त्याच दिव्याखाली त्याला जास्तीचं काम लावलं. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ ला आठवड्याला ६० तास, १९३४ ला ५४, १९४६ ला ४८ आणि १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये तेच ४८ कायम. आता चोवीस तासांतून काम वजा करा, जायचा यायचा वेळ, झोप, स्वयंपाक पाणी वजा करा. बारा तासांच्या दिवसात शिकायला उरतं ते शून्य. आठ तासांच्या दिवसात दीड दोन तास निघतात. तेवढ्याच फटीतून सगळ्या रात्रशाळा चालल्यात. ना. म. जोशींनी १९११ ला मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रीच्या शाळा आणि वाचनालयं चालवली, आणि हेच जोशी पुढे १९२० ला आयटक ही देशभरातली कामगार संघटना उभी करणाऱ्यांमध्ये होते. मी आधी शाळा आणि युनियन या दोन वेगळ्या गोष्टी समजायचे. जोशींना तसं वाटत नव्हतं असं दिसतं, आणि हिशेब केल्यावर मलाही वाटत नाही, कामाचे तास कमी केल्याशिवाय वर्गात बसणार कोण?

बाबासाहेबांचं सिद्धार्थ कॉलेज मला नावाने माहीत होतं. ते १९४६ ला सुरू झालं तेव्हा तास सकाळच्या वेळात ठेवले होते, म्हणजे पोरगा शिकून मग नोकरीवर जाऊ शकेल, हे माहीत नव्हतं. हे ऐकल्यावर वर्गातला रिक्षावाला दादा म्हणाला, बघा, म्हणजे कामगारांचं शिक्षण रात्रीच पाहिजे असं काही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

बाहेरच्या देशांचंही सांगतात. ग्लासगोला १८०० च्या सुमाराला डॉक्टर बर्कबेक म्हणून शिकवणारे होते, त्यांना प्रयोगासाठी एक यंत्र बनवून हवं होतं म्हणून ते कारखान्यात गेले तर कारागीर भोवती जमले आणि हे कसं चालतं, ते कसं चालतं विचारायला लागले. त्यांनी मग त्या कारागिरांसाठी शनिवारी संध्याकाळी फुकट व्याख्यानं ठेवली. शनिवार ऐकल्यावर आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. पुढे १८२३ ला लंडनला त्यांच्या पुढाकाराने कारागिरांची संस्था झाली, ती आजही बर्कबेक नावाने चालते आणि अजून संध्याकाळचे वर्ग घेते, दोनशे वर्षं झाली. डेन्मार्कमध्ये १८४४ पासून शेतकऱ्यांच्या तरुण पोरांसाठी निवासी शाळा निघाल्या, त्या हिवाळ्यात भरायच्या, कारण तिकडे हिवाळ्यात शेतीला काम नसतं. आपल्याकडे द्राक्षाच्या छाटणीच्या आणि खुड्याच्या दिवसांत निफाड, दिंडोरीत वर्ग ठेवला तर कोण येणार? ही अक्कल त्यांना तेव्हा होती.

एकदा मी विचारलं, सर यात बायकांची वेळ कुठेय, कारण तास आठ झाले तरी बाई घरी गेली की तिची दुसरी पाळी सुरू होते. सरांनी तो प्रश्न टाळला नाही, पुढचा पूर्ण तास त्यावर घेतला. बर्कबेकच्या संस्थेत बायकांना १८३० पासून प्रवेश मिळाला. डेन्मार्कमध्ये मुलींचे वर्ग उन्हाळ्यात व्हायचे. १९०९ ला रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं ते वयाने मोठ्या बायकांना शिकता यावं म्हणून, अर्थात तिथे येणाऱ्या बऱ्याचशा मध्यमवर्गी घरांतल्या. आणि मला सगळ्यात आवडली ती इंग्लंडमधल्या वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनची गोष्ट, १९०३ ची. नाव मॅन्सब्रिज म्हणून एका कारकुनाचं घेतलं जातं, पण ती सुरू झाली त्याच्या बायकोने घरखर्चातून काढून दिलेल्या अडीच शिलिंगांवर. तिचं नाव फ्रान्सेस. त्या संस्थेतून पुढे लाखो कामगार शिकले. वर्गातल्या मावश्यांनी हे नाव वहीत लिहून घेतलं, मी पण.

आपल्या जवळचंही येतं. १९५९ ला साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावंच्या गावं साक्षर करायची म्हणून, आणि ती राज्यभर पसरली. १९६७ ला वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, खास कामगारांच्या कौशल्यासाठी, त्यांनाच २००० पासून जन शिक्षण संस्थान म्हणतात. आणि १९८९ ला आपल्याच नाशिकला मुक्त विद्यापीठ, गंगापूर धरणाच्या बाजूला. गंगापूर रोडने फिरायला जाताना पाटी किती वेळा बघितली असेल, ते ज्ञानगंगा घरोघरी म्हणजे नेमकं काय करतात ते शनिवारच्या तासाला कळलं. पुस्तक घरी, आपण आपल्या वेळेला वाचायचं, परीक्षेपुरतं केंद्रावर जायचं. शाळा रात्री नेण्याच्या पुढची पायरी, शाळेची वेळच काढून टाकली. आमच्यातल्या चौघांनी दहावी बारावी झाली की तिथे जायचं ठरवलंय.

हे सगळं एवढं लांबवून लिहिलं कारण माझी मुख्य तक्रार याच्यातूनच येते. वर्गाचं टायमिंग. सात ते नऊ ही वेळ जनरल शिफ्टच्या माणसाला ठीक आहे. आमच्याकडे शिफ्ट आठवड्याला बदलते. फर्स्ट असली तर मी आरामात सातला पोचते. सेकंड लागली की साडेतीन ते रात्री बारा मी कंपनीत, म्हणजे तो आख्खा आठवडा वर्ग बुडाला. बीजगणित एक आठवडा बुडालं की पुढच्या आठवड्यात समोरचं काहीच कळत नाही. मॅडम ग्रुपवर फळ्याचा फोटो टाकतात, चांगली गोष्ट आहे, पण फोटोत उत्तर दिसतं, ते कसं आलं ते दिसत नाही. त्यात शेवटच्या क्षणी ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, लागते ते वेगळंच. वर्ग सोडून गेलेल्यांपैकी जेवढ्यांना मी ओळखते ते सगळे शिफ्टवाले आहेत, त्यांना अभ्यास जमत नव्हता असं अजिबात नाही, उलट एक पोरगा गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. संस्थेच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे अनियमित असा शेरा आहे. तो शेरा मला पटत नाही. ज्याची शिफ्ट कंपनी ठरवते त्याला अनियमित कसं म्हणायचं?

मी हे मीटिंगमध्ये बोलले. म्हटलं दर शनिवारी तुम्हीच आम्हाला शिकवता की फुल्यांनी वेळ रात्री नेली, बाबासाहेबांनी सकाळी आणली, डेन्मार्कवाल्यांनी हिवाळा बघितला, सगळ्यांनी आधी शिकणाऱ्याचा दिवस बघितला आणि मग वर्ग लावला. मग सातपूर अंबडच्या शिफ्टा बघून आपला वर्ग का नाही लागत? सकाळी दहा ते बारा एक बॅच ठेवा, तोच धडा जो रात्री झाला, सेकंड शिफ्टवाले सकाळी येतील, फर्स्टवाले रात्री, आणि आठवडा बदलला की बॅच बदलतील, फी तीच. अडचण अशी की सकाळी त्या इमारतीत पोरांची शाळा असते, खोली मिळत नाही. मोठ्या सरांना मुद्दा लगेच पटला, संस्थेच्या बाकी लोकांना अजून तेवढा पटलेला दिसत नाही. सध्या एवढं झालंय की मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सर स्वतःच्या घरी गणित विज्ञान घेतात. हॉलमध्ये सतरंजीवर बसतो, काकू चहा देतात. चांगलं आहे, पण सरांचं वय बघता हे त्यांच्या एकट्याच्या जिवावर किती दिवस ओढणार? आसपास कुणाकडे सकाळी रिकामा असणारा हॉल, समाजमंदिर असेल तर खरंच सांगा.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. बायकांचं टॉयलेट संध्याकाळी कुलूप लावून ठेवतात, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन कधी कुठे असेल सांगता येत नाही, दिवसभर कंपनीत उभं राहून आलेल्या बाईला हे फार त्रासाचं आहे आणि सांगून सांगून थकलो. बाकं पाचवी सहावीच्या मुलांची आहेत, गुडघे आपटतात, जाड माणसाला बसताच येत नाही. नऊ वाजता सुटल्यावर आतल्या रस्त्याला दिवे कमी आहेत, आम्ही सिडकोकडच्या चौघी मिळून एकच रिक्षा करतो. ज्या एकट्या येणार असतील त्यांनी आधी ग्रुपवर विचारून सोबत बघून ठेवावी, मिळते.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. वर्ग शिकवतो, पण परीक्षा बोर्डाचीच, बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून. त्याला निदान पाचवी पास असावं लागतं आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. सगळ्यात जास्त वेळ या दाखल्यात जातो. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुसरी प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधार आणि दाखल्यावरचं नाव वेगळं येतं, त्याबद्दल मॅडमना पहिल्याच दिवशी विचारून घ्या, त्या बरोबर सांगतात काय काय जोडायचं ते. फॉर्म ऑनलाईन भरायचा असतो आणि मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, त्यामुळे जून जुलैमध्येच कागदपत्रं हातात ठेवा, दिवाळीनंतर आलात तर वर्गात बसवतील पण त्या वर्षीची परीक्षा हुकली असं समजा.

मी पाचातून चार देईन. सकाळची बॅच नीट सुरू झाली, टॉयलेटचं कुलूप निघालं की येऊन पाच करते. शनिवारच्या तासाला प्रवेश नसलेली माणसं पण बसली तरी चालतं, सरांनीच सांगितलंय, संध्याकाळी सहा वाजता. शिफ्ट लागली नसेल तर या, आणि घरी कुणी आठवी नववीला शाळा सुटलेलं असेल त्यांना पण घेऊन या.